मामाची गाडी नऊ टक्क्यांवर

नागपूरच्या सदरमधल्या बाबनरावांच्या सावजी भोजनालयात गिऱ्हाइकाला उठवायची पद्धत नाही. भरल्या ताटावरून माणूस उठवू नये, ही त्यांच्या उमरेडच्या विणकर घराची शिकवण. माग केव्हाच गेले, शिकवण तेवढी उरली. आणि बाबनरावांनी ती थेट इलेक्ट्रिक गाड्यांनाही लागू केली.

झालं असं, की मागच्या दिवाळीत त्यांनी स्वतः इलेक्ट्रिक कार घेतली, दुकानाच्या भिंतीवर चार्जर बसवला आणि हौसेनं पाटी लावली, 'ग्राहकांसाठी मोफत'. मग काय, अर्ध्या शहराला एकाएकी त्यांच्या हातचा रस्सा आठवू लागला. कोणी एक चहा घ्यायचा आणि गाडी लावून खरेदीला जायचा. कोणी रात्री लावून गेला की सकाळीच उगवायचा. बाबनराव कोणाला शब्दानं दुखवत नसत. "जेवून राहिली गा ते, होऊ दे तिचं," असं ते चक्क गाडीबद्दल म्हणायचे. पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर घरधन्यानं बसावं, या न्यायानं त्यांची स्वतःची गाडी कायम उपाशी.

अशात भाचीच्या लग्नाचा दिवस उजाडला. बहीण वच्छलाची पोरगी वैभवी, मुहूर्त उमरेडला अकरा चाळीसचा. नवरीचा हात धरून तिला मांडवात आणायचं ते मामानं. ती मामाच्या नव्या गाडीतून येणार, हे बाबनरावांनी दोन महिने फोन करकरून साऱ्या नातेवाइकांना ऐकवलं होतं. त्या गाडीत चार्जिंग होतं नऊ टक्के. तेवढ्यात उमरेड रोड लागला असता, उमरेड नाही.

रात्रभर लावलेली कोण्या डॉक्टरची गाडी सात वाजता निघाली. बाबनराव फुलांचा हार घेऊन येईपर्यंत सौरव नावाच्या एका तरुणानं तिथं आपली गाडी लावलीही. त्यानं एक तर्री-पोहा मागवला, लॅपटॉप उघडला आणि कानात यंत्र घालून ऑफिसशी बोलत बसला.

नऊ वाजता त्यांच्या पत्नी चंद्रकलाबाई पैठणी नेसून बाहेर आल्या. "अहो, त्याले सांगून तर पाहा, घरी लग्न आहे म्हणून."

"कसं सांगू वं? प्लेट संपली नाही त्याची."

प्लेटीत पोह्याचे पाच दाणे होते. सौरवला शिष्टाचार पक्का ठाऊक असावा, पाच दाण्यांना त्यानं हात लावला नाही.

"तुमी त्याच्या गाडीले वाढत बसा," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "मी एसटीनं चालली." आणि ऑटो थांबवून त्या बसस्टँडकडे गेल्यासुद्धा.

बसनं बाबनरावांनाही जाता आलं असतं. पण गाडीचा एवढा गाजावाजा केल्यावर मामा एसटीतून उतरला, असं उमरेडनं पाहायचं? नाक कापलं गेलं असतं. त्यापेक्षा त्यांनी सौरवला आपणहून दुसरा चहा दिला. दहाला त्याची गाडी शंभर टक्के भरली. भीत भीत बाबनराव जवळ गेले.

"साहेब, झालं वाटते गाडीचं."

"हो काका. राहू द्या लावलेली, बाहेर ऊन आहे. मीटिंग संपली की निघतोच."

तो अकराला निघाला. जाताना म्हणाला, असे नम्र मालक आजकाल मिळत नाहीत, काका. बाबनराव हसले. मग त्यांनी आपली गाडी लावली आणि ते टक्क्यांच्या आकड्याकडे पाहत राहिले. अकरा चाळीसला त्यांची गाडी बावीस टक्क्यांवर होती.

बाराच्या सुमारास वच्छलाचा फोन आला. मागे सनई वाजत होती.

"लागलं गा लग्न," ती म्हणाली. "वहिनीनं आणलं पोरीले मांडवात. भटजी कुरकुरले थोडे. पण पोरगी म्हणे, मामाकडून मामीच उभी राहीन."

"आणि गाडी?"

"शेजारच्याची होती, डिझेलची. तू ये सावकाश, चारला पाठवणी आहे."

बाबनरावांना रडू आलं. ज्या पोरीला खांद्यावर बसवून उमरेडचा बाजार दाखवला, तिचा हात धरायचं सोडून आपण एका परक्या गाडीपाशी उभे राहिलो. स्वतःचीच त्यांना भयंकर चीड आली.

तेवढ्यात एक चकचकीत गाडी दारात थांबली. काच खाली झाली. "काका, ही गाडी काढता काय? मले फक्त अर्धा तास लागन. चहा पण घेतो."

बाबनरावांचा हात सवयीनं प्लगकडे गेला. त्यांनी तो मागं घेतला.

"नाही," ते म्हणाले. "आमची पोरगी आज सासरी जाऊन राहिली."