टायगरची खाज

टायगरच्या अंगाला मानेपासून शेपटीपर्यंत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोपडलं होतं आणि तो ते चाटत होता. जनावरांच्या दवाखान्याच्या पायरीवर त्याच्या शेजारी कमळामावशी बसल्या होत्या. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातून जीपने त्या मुरबाडला आल्या होत्या.

"खाजवून खाजवून मरायला टेकलाय, डॉक्टर. दीर म्हणतो खरूज हाय, पोरांना लागंल. रविवारी जीपमदी घालून रानात सोडून येतो."

सोमवार होता. म्हणजे हातात सहा दिवस.

आधी मी भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी घेऊन त्याला तीनदा धुतलं. जळकं ऑइल खाजेचं औषध नाही. कातडी भाजते आणि चाटलं तर पोटात विष जातं. मग ब्लेडने थोडी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरजेचे किडे तिथे दिसतात. दिसले नाहीत. पोटावर, मांडीच्या आत लाल पुटकुळ्या मात्र होत्या.

"खरूज वाटत नाही मावशी. कसले तरी बारीक किडे चावलेत."

घरचा उपचार सोपा होता. सुती फडकं थंड पाण्यात भिजवून दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं पुटकुळ्यांवर ठेवायचं. माणसांचं मलम लावायचं नाही, कारण कुत्रा ते चाटणारच. वजन करून खाजेच्या गोळ्या दिल्या. तोंड सुजलं किंवा धाप लागली तर लगेच आणा, असंही सांगितलं.

गुरुवारी मावशींचा फोन आला. "दुपारी बरा असतो, डॉक्टर. सकाळी उठला का नव्या पुटकुळ्या."

त्या दिवशी आमचे वरिष्ठ तपासणीला आले होते. ते ऐकून म्हणाले, "स्ट्राँग इंजेक्शन द्या. अहवालात 'बाह्यपरजीवी निर्मूलन' लिहा. आणि फोटो हवा."

"साहेब, एकदा घर बघून येतो."

"कुत्र्याचं?"

"हो. तो तिथेच राहतो."

बाइक काढली. मावशींच्या पडवीत पोचल्यावर जे सोमवारीच विचारायला हवं होतं ते विचारलं, "हा झोपतो कुठे?"

"कोंबडीजवळ. खुडूक बसवलीय ना. मुंगूस येतो, म्हणून ह्याला तिच्या पाटीला टेकून निजवतो."

अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला खुडूक म्हणतात. पाटीखालच्या पेंढ्यात हात घातला. बाहेर काढला तर मनगटावर खसखशीएवढे ठिपके चालत होते. कोंबडीच्या अंगावरचे किडे रोज रात्री टायगरवर जेवत होते.

"पाटी हलवा."

"नाय! पाच दिस ऱ्हायलेत. खुडूक हलवली का अंडी वाया जातात."

या बाबतीत इथे कुणी डॉक्टरचं ऐकत नाही. मीही हट्ट धरला नाही. पाटी होती तिथेच ठेवून, मुंगूस शिरू नये म्हणून तिच्यावर हवेपुरती फट ठेवत फळी घातली, फळीवर दगड. टायगरला पडवीच्या दुसऱ्या टोकाला बांधलं, खाली गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेलं गोणपाट. पिल्लं निघाली की पेंढा जाळायचा आणि जागा चुन्याने सारवायची, असं ठरलं.

दीर खांबाला टेकून बघत होता. "आनि मी जीप सांगितलीय, तिचं काय?"

"रविवारी सकाळी त्याचं पोट बघा. नवी पुटकुळी दिसली तर खुशाल न्या."

मी रविवारी मुद्दाम गेलो. दीर उकिडवा बसून टायगरचे केस मागे सारत एकेक पुटकुळी तपासत होता. सगळ्या सुकल्या होत्या.

"वैनी," तो आत बघून ओरडला, "जीपवाल्याला नको म्हणून सांगा. आनि ह्याला भाकर घाला, कवाचा बसलाय."

वरिष्ठांच्या अहवालात 'औषधाला उत्तम प्रतिसाद' असं आहे. मी केसपेपरवर 'झोपायची जागा बदलली' एवढंच लिहिलं, तेही समासात. छापील फॉर्मवर जात, वय, वजन, लस, सगळ्याला रकाने आहेत. रुग्ण झोपतो कुठे, याला नाही. त्यामुळे मीही गुरुवारपर्यंत विचारलं नव्हतं.