माझ्या नावावरचा गाळा

मला बघायला आलेला मुलगा बारावीला बसला होता आणि मग तिथून उठलाच नव्हता. पण त्याच्या बापाची जमीन हायवेला लागून होती, आणि आमच्या वडपे गावाकडे तशी जमीन कुठल्याही डिग्रीच्या वरची समजतात. मी एम.कॉम. झाले होते, मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये अकाउंट्स बघत होते. माझं शिक्षण म्हणजे त्यांच्या दृष्टीने घराला लावलेला चांगला रंग.

"इंग्रजी येतं ना हिला?" मुलाच्या आईने माझ्या आत्याला विचारलं. स्थळ आत्यानेच आणलं होतं. "नातवंडांचा अभ्यास घ्यायला बरं पडतं."

न जन्मलेल्या नातवंडांची सोय झाल्यावर मुलाचे वडील बोलायला लागले. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी आधी हुंड्यावर भाषण केलं. हुंडा घेणं पाप हाय, आम्ही त्यातले न्हाय, आम्हाला फक्त मुलगी द्या. माझ्या बाबांचे डोळे भरून आले. मग ते गृहस्थ म्हणाले, "पण पोरगी शिकलेली हाय. तिच्या पायावर उभी राहिली पाहिजे. तुमचे रस्त्याला गाळे हायेत, त्यातला एक तिच्या नावावर करा. आमच्या न्हाय, तिच्याच. आम्ही जुन्या विचारांचे न्हाय."

आमची शेती गेली तेव्हा बाबांनी उरलेल्या तुकड्यावर पत्र्याचे गाळे बांधले होते आणि भाड्याने दिले होते. माझा भाऊ दिवसभर त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसायचा. त्याला घरात धंदा बघणं म्हणत. मी सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे, संध्याकाळी दमून यायचे, त्याला लग्न होईपर्यंतचा टाइमपास म्हणत. गाळे भावाचे, हे कुणी कधी ठरवलं नव्हतं. ठरवायची गरजच नव्हती.

बाबांनी गाळा द्यायचं कबूल केलं. भाऊ दोन दिवस जेवला नाही, मग आत्याने समजावलं की बहिणीचं घर भरलं तर आपलीच इज्जत वाढते. साखरपुड्याच्या आधी रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात जाऊन एक गाळा रीतसर माझ्या नावावर झाला. तिथला क्लार्क बाबांना म्हणाला, "मुलीला देताय? भाग्यवान आहे." बाबांनी मान खाली घातली. त्यांना ती स्तुती वाटली की टोमणा, मला कळलं नाही.

त्या गाळ्यात नारपोलीच्या एका लूमवाल्या चाचांच्या कापडाच्या गाठी असायच्या. साखरपुड्यानंतर ते घरी आले. दारातच उभं राहून बाबांना म्हणाले, "भाडा अब किसको देना है? कागज पे तो बेटी का नाम है."

बाबा भावाकडे बघायला लागले, भाऊ बाबांकडे. मी आतून बाहेर आले आणि म्हणाले, "चाचा, मेरे खाते में डालिए." ते "ठीक है" म्हणाले आणि निघून गेले. एवढं सोपं काम आमच्या घरात त्याआधी झालेलं मी पाहिलं नव्हतं.

आठवड्याभरात होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला. रोज तो माझं जेवण झालं का विचारायचा. त्या दिवशी विचारलं नाही.

"पप्पा विचारत होते, भाडं तुझ्या खात्यात गेलं का?"

"हो. गाळा माझ्या नावावर आहे."

"नावावर आहे ग. तुझा थोडीच आहे?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. लहान मुलाला समजावतात तसं तो समजावत होता. मला राग येण्याच्या आधी हसूच आलं, आणि ते त्याला ऐकू गेलं.

रविवारी ते सगळे आमच्याकडे आले. मुलाच्या वडिलांनी पुन्हा कप खाली ठेवला. "नाव तिचं, कारभार आमचा," ते म्हणाले. "आणि लग्नानंतर नोकरी कशाला? शिकलेल्या पोरीला एवढं कळायला पायजे."

"तुम्हीच म्हणालात ना, पायावर उभी राहू दे," मी म्हणाले.

"उभी रहा की. आमच्या घरात रहा."

"मग मला लग्न नाही करायचं."

मुलगा मोबाईल बघत होता. त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं, आणि क्षणभर मला वाटलं ती काहीतरी बोलेल. तिने पदर सारखा केला आणि उठली. जाताना मुलाचे वडील बाबांना म्हणाले, "पोरगी जास्त शिकवलीत तुम्ही." माझ्या शिक्षणाचं पहिलं प्रमाणपत्र घरच्यांसमोर मिळालं ते हे.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. लग्न मोडलं, तेव्हा गाळा आता भावाच्या नावावर कर, असं बाबा म्हणाले.

"का?"

"तो लग्नासाठी दिलेला."

"म्हणजे मला दिलेला नव्हता?"

आई भांडी घासत होती, तिने नळ बंद केला आणि म्हणाली, "परक्याला दिला तवा तुमचा हात न्हाय थरथरला. पोटच्या पोरीकडे ऱ्हायला तर काय बिघडलं?" आईला मी बाबांसमोर असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनीही नसावं. ते चप्पल घालून बाहेर गेले.

बाबा माझ्याशी महिनोन्‌महिने बोलले नाहीत. जेवायला बसले की आईला सांगायचे, "तिला विचार, भाजी पायजे का." भावाने माझी स्कूटी दारात लावू देणं बंद केलं. मी ती गाळ्यासमोर लावायला लागले. आत्या आमच्याकडे यायची थांबली, पण गावभर फिरून माझी हकीकत तिनेच सांगितली, आणि त्याचा परिणामही झाला. आता आमच्या भागात मुलाकडचे मुलीच्या पायांची काळजी करत नाहीत. गाळा थेट जावयाच्या नावावर मागतात.

मग एका दुपारी वाऱ्याने गाळ्याचा पत्रा सुटला. मी ऑफिसमध्ये होते. फोन वाजला, बाबांचा होता.

"पत्रा उडाला हाय," ते म्हणाले. "माणूस बोलावलाय. पण तुला विचारल्याशिवाय कसा चढवू? निळा टाकायचा का जुन्यासारखाच?"

मी म्हणाले, "तुम्हाला कुठला बरा वाटतो, बाबा?"

"माझा काय हाय त्यात," ते म्हणाले. "तू सांग."

मी निळा सांगितला. फोन ठेवला आणि बराच वेळ समोरच्या आकड्यांकडे नुसतीच बघत बसले.