मधल्या थराचा आजार

तुमच्या आजोबांना नेमकं काय झालं होतं, हे तुम्ही दोघं नातवंडं फोनवर विचारता. फोनवर माझा आवाज तुटतो, म्हणून लिहिते.

मी शिरूर कासारला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुली इंग्रजी संज्ञांना भ्यायच्या. मी म्हणायचे, शब्द भाकरीसारखा मोडून खा. मेसो हा ग्रीक तुकडा दिसला की अर्थ 'मधला'. मेसोफिल म्हणजे पानाच्या दोन सालींमधला हिरवा गर. मेसोझोइक म्हणजे पृथ्वीचं मधलं युग. मेसोडर्म म्हणजे गर्भाच्या तीन थरांतला मधला. त्यातून हृदय, रक्त, हाडं घडतात. फळ्यावर तो थर मी नेहमी लाल खडूनं काढायचे.

दसऱ्यानंतर आमची गल्ली रिकामी व्हायची. माणसं ऊसतोडीला जाताना घराच्या किल्ल्या आमच्याकडे ठेवायची. आजोबा पोस्टात होते; गल्ली त्यांना आबा म्हणायची. सुट्टीच्या दिवशी ते त्या बंद घरांची फुटकी छपरं नीट करून ठेवायचे. सिमेंटचे, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे, पत्रे आमच्याच अंगणात करवतीनं कापायचे. त्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. "बघून घे, म्हातारपणी असा दिसणार," म्हणायचे. मी त्यांचा सदरा दारात झटकायचे आणि मग भिजवायचे. ती धूळ काय करते, हे तेव्हा आमच्या कुणाच्या कानावरही नव्हतं.

ती छातीत वर्षानुवर्षं गप्प बसते. आजोबा निवृत्त झाले, आणि मग त्यांना दम लागू लागला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मेसोथेलिओमा. सवयीनं मी शब्द मोडला. फुफ्फुसाभोवतीचं पातळ अस्तर, त्याच लाल थरातून घडलेलं. त्याचा कर्करोग.

बाहेर बाकावर आजोबांनी विचारलं, "काय म्हणाला गं?"

"मधल्या थराचा आजार आहे."

"म्हणजे वरचा न् खालचा धड आहे. चल, चहा घेऊ."

गल्लीत तो शब्द कुणाच्या तोंडी बसला नाही. सगळ्यांनी दमाच म्हटलं.

ते गेल्यापासून, गल्ली रिकामी झाली की दुपारी मला करवत ऐकू येते. उठून अंगणात गेले की थांबते. कान तपासून घेतले; कानांत दोष नाही. आवाज खरा नाही हे मला कळतं, तरी उठते.

यंदा मी उठले आणि आवाज थांबला नाही. शेजारणीचा मुलगा तोडीला गेलाच नव्हता. नवी खोली बांधत होता आणि दारात पत्रे कापत होता. भुवया पांढऱ्या. त्याची बायको कडेवर लेकरू घेऊन त्याचा सदरा झटकत होती.

"थांब रे," मी म्हणाले. "याच धुळीनं आबा गेले."

"आबा तर दम्यानं गेलते, बाई. आई सांगती."

"दमा नव्हता."

मी त्याच्या वाळूच्या ढिगावर बसले आणि शेवटचे महिने कसे गेले ते सांगितलं. मोठा शब्द वापरला नाही. छातीत सारखं पाणी भरायचं, ते काढावं लागायचं, आजोबा बसूनच झोपायचे, एवढंच.

"पर तुमच्या घरावर बी हेच पत्रे हायत की."

"छपरावर आहेत तसे पडून राहिले तर फारसं काही करत नाहीत. कापले की धूळ उडते."

तो करवतीकडे बघत राहिला. त्याची बायको म्हणाली, "ठेवा की वो ती. बाई काय उगंच आल्यात व्हय उन्हाच्या?"

"लई उरलेत अजून," तो पुटपुटला. मग म्हणाला, "बघतो, दुकानदार बदलून टिनाचे देतो का." आणि त्यानं करवत खाली ठेवली.

मी तिच्या हातातला सदरा घेऊन बादलीत बुडवला. पाणी दुधाळ झालं.

"बाई, मी तर रोज झटकते," ती हळू आवाजात म्हणाली.

"मीही झटकायचे," मी म्हणाले.

तिनं लेकराचं तोंड पदरानं पुसलं आणि त्याला घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आवाज आला. मी जाऊन पाहिलं. त्याची करवत भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती.