ठिणगी ऑटो इलेक्ट्रिक

ठिणगी हे नाव लोकांनी तिला हिणवायला ठेवलं होतं. तिने तेच लाल अक्षरांत पाटीवर रंगवून घेतलं, आणि पाटी अशी टांगली की समोरच्या गॅरेजात वाकलेला माणूस पाठ सरळ करायला उभा राहिला की त्याला आधी तीच दिसावी. समोरचं गॅरेज तिच्या बापाचं होतं आणि त्यात वाकलेला माणूस तिचा सख्खा भाऊ होता. दुकानाला दुसरी जागा मिळत नव्हती असं मुळीच नाही. कोपऱ्यावर चांगली सावलीची जागा रिकामी होती, पण तिथून गॅरेज दिसत नव्हतं. तिने उन्हातली घेतली.

वायरिंग तिला आप्पांनीच शिकवलं. इतर पोरी अक्षरं गिरवत तेव्हा ही गाड्यांच्या वायरींचे रंग पाठ म्हणायची. मोठी झाल्यावर कामाची वाटणी आपोआप झाली: इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक दादाचे, दिवे, हॉर्न, स्टार्टर हिचे. येणाऱ्याजाणाऱ्याला आप्पा कौतुकाने सांगायचे, "माझा एक हात तेलात आहे आणि एक विजेत." बापाने असं म्हटलं की हिला दोन दिवस जेवण नसलं तरी चालायचं.

मग लाँड्रीवाल्याची व्हॅन आली. तेव्हाही ती जुनीच होती. दादाने तिचा गिअरबॉक्स उतरवला, दुरुस्त केला, परत चढवला. हिने डॅशबोर्डामागची कुजकी वायरिंग काढून नवी टाकली. व्हॅन गेली, आणि दुसऱ्याच दिवशी भर रस्त्यात डॅशबोर्डाखालून धूर निघाला. मागे धुतलेल्या चादरींचे गठ्ठे होते. लाँड्रीवाला स्वतः उडी मारून वाचला, चादरींचा कोळसा झाला.

"गिअरबॉक्स पेटलेला बघितलाय कधी कुणी?" दादा चारचौघांत म्हणाला. "वायरिंग हिच्या हातचं. जळणारच!"

तिने परोपरीने सांगितलं की मला गाडी उघडून बघू दे, माझी वायर जळाली असेल तर मी हात कापून देते. दादाने तिला गाडीजवळ फिरकू दिलं नाही. ती आप्पांकडे बघत राहिली. आप्पांनी हात पुढे केला, आणि तिने गॅरेजची किल्ली त्या हातावर ठेवली. त्या दिवसापासून रस्ता तिला ठिणगी म्हणू लागला.

तिने ते पोटात ठेवलं म्हणावं तर तसंही नाही. बाई सूड घ्यायला बसली होती आणि ते लपवायची तिला गरज वाटत नव्हती. दादाने लावलेला एखादा दिवा बिघडून तिच्याकडे आला की ती काम चोख करायची आणि गिऱ्हाइकाला निरोप द्यायची, "समोर सांगून जा, काय चुकलं होतं ते." हॉर्न दुरुस्त झाला की तो तपासायची दिशाही ठरलेली होती. गाडीचं तोंड गॅरेजकडे करायचं आणि दादाच्या हातातला पाना पडेपर्यंत हॉर्न दाबून धरायचा. संध्याकाळी हेडलाइट तपासायचे ते दादाच्या डोळ्यांवर. आणि दिवसभर तिचं स्टूल असं ठेवलेलं असायचं की तोंड समोर. खाऊ की गिळू अशा नजरेने ती भावाकडे बघायची, आणि तो बिचारा गाडीखाली शिरून सुटका करून घ्यायचा. बिचारा म्हटलेलं तिने ऐकलं असतं तर माझीही खैर नव्हती.

आप्पा थकले. त्यांनी काम सोडलं आणि गॅरेजच्या दारात लोखंडी नळीची खुर्ची टाकून बसायला लागले. खुर्चीचा एक हात मोडका होता, कसल्याशा हिरवट पडलेल्या पट्टीने आवळून बांधलेला. त्यांचंही तोंड रस्त्याकडे, म्हणजे लेकीच्या दुकानाकडेच असायचं. बापलेक रोज एकमेकांना बघायचे आणि बोलायचे नाहीत. तिला फक्त एकच हवं होतं: आप्पांचे डोळे मिटायच्या आत त्यांनी आपल्या तोंडाने म्हणावं, की आग तू लावली नाहीस. दादाची फजिती त्यापुढे वरकड होती, पण ती वरकडही तिला सोडायची नव्हती.

आणि एके सकाळी तीच व्हॅन दोन्ही दुकानांच्या बरोबर मध्ये येऊन बंद पडली.

लाँड्रीवाल्याने किल्ली फिरवली. 'टक' झालं आणि पुढे काही नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा टक. दादा बाहेर आला, बॅटरी हलवून बघितली, स्टार्टरवर पान्याने दोन ठोके दिले. टक.

"बॅटरी नवी आहे हो, मिस्त्री!" लाँड्रीवाला रडकुंडीला आला होता. "स्टार्टर तुम्हीच बदललात. दिवे मिणमिणतात. आणि ती ॲक्सिलरेटरची केबल! वर्ष होत नाही तोवर आखडून बसते. किती केबली खाल्ल्या हिने आगीपासून, मोजायचं सोडून दिलं मी."

ठिणगी स्टुलावरून उठली. केबल हा शब्द तिने ऐकला होता.

"काका, मी बघू?"

लाँड्रीवाल्याने एकदा जळक्या डॅशबोर्डाकडे बघितलं, एकदा दादाकडे. "बघा ताई. आता आणखी काय जळायचं राहिलंय?"

तिने मीटर आणला. बॅटरी तपासली, ती ठणठणीत होती. मग मीटरची एक तार बॅटरीच्या वजा टोकाला लावली, दुसरी सरळ इंजिनाच्या अंगाला, आणि किल्ली फिरवायला सांगितली. काटा जागचा हलायला नको होता. तो उडी मारून पलीकडे गेला. ती रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकली. गिअरबॉक्सच्या बाजूला एक आटे पाडलेलं भोक होतं, रिकामं. समोर गाडीच्या सांगाड्यावर त्याच्या जोडीचं भोक होतं, गंजून बुजलेलं. ती तशीच पडून राहिली आणि हसायला लागली. ते हसू ऐकून दादाच्या तोंडचं पाणी पळालं.

बाहेर येऊन तिने कपडेही झटकले नाहीत. एव्हाना दहाजण जमले होते, तिला तेवढे पुरेसे होते.

"दादा, इकडे ये. ही ॲक्सिलरेटरची केबल धर."

"कशाला?"

"धर तर. केबल आहे, साप नाही."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? त्याने केबल मुठीत धरली.

"काका, किल्ली. सोडायची नाही, मी सांगेपर्यंत."

टक. पहिल्यांदा काही झालं नाही. मग केबलच्या टोकाकडून धुराची रेघ निघाली, आणि दादा बोंब मारून मागे कोसळला. तळहातावर आडवा लाल पट्टा उठला होता. तिला वाईट वाटलं का? अजिबात नाही. त्या घटकेला तिला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

"सगळ्यांनी बघितलं?" ती ओरडून म्हणाली. "इंजिन रबरावर बसलेलं असतं. बॅटरीतून आलेला करंट परत जायला इंजिनापासून सांगाड्यापर्यंत तांब्याची पट्टी लागते, अर्थिंगची. गिअरबॉक्स उतरवताना ती सोडावी लागते आणि चढवताना परत बांधावी लागते. याने ती बांधलीच नाही! मग करंट जाणार कुठून? मिळेल त्या वाटेने. कधी गिअरच्या दांड्यातून, कधी या केबलमधून. केबल तापून लाल झाली, तिला टेकलेल्या वायरी पेटल्या. माझ्या वायरी जळाल्या, जाळल्या याने! आणि तोंड काळं झालं माझं!"

दादा हातावर फुंकर घालत तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, आणि तेच तिला खटकलं.

"मी पट्टी बांधली नाही?" तो स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाला. "शप्पथ सांगतो, मला माहीत नव्हतं. मला खरंच वाटलं तूच..."

"काका, पट्टी आणते आणि चालू करून देते," ती त्याला तोडून म्हणाली. "आहे का रे तुझ्या गॅरेजात एखादी?"

आप्पा खुर्चीतून उठले होते. वाकून ते खुर्चीच्या मोडक्या हाताची पट्टी सोडत होते. गाठ सुटत नव्हती, पण मदत मागायची त्यांची पद्धत नव्हती. पट्टी सुटली तसा खुर्चीचा हात खाली लोंबला. आप्पा रस्त्याच्या मध्यापर्यंत आले आणि पट्टी तिच्यापुढे धरली. विणलेलं चपटं तांबं, दोन्ही टोकांना बोल्टाचं भोक.

"ही घे. या गाडीचीच आहे."

ती पट्टी तिने रोज बघितली होती. रस्ता काही फार रुंद नव्हता.

"तुमच्याकडे कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. गाडी गेल्यावर बाकावर दिसली. म्हटलं, सकाळी बोलावून लावू." आप्पा खाली बघत होते. "सकाळी उशीर झाला."

"आणि किल्ली मागितलीत तेव्हा? तेव्हा माहीत होतं?"

"त्याला या गॅरेजाशिवाय दुसरं काही जमलं नसतं. तू कुठेही उभी राहिली असतीस."

"मला तरी सांगायचं, आप्पा," दादा म्हणाला.

इतकी वर्षं साठवलेलं सगळं भावासाठी घडवलेलं होतं, बापाला घालायच्या मापाचं तिच्याजवळ काहीच नव्हतं. तिने पट्टी घेतली, पॉलिश पेपरने घासून लख्ख केली, गंजलेलं भोक कोरून काढलं आणि गाडीखाली जाऊन दोन्ही बोल्ट आवळले. लाँड्रीवाल्याने किल्ली फिरवली तशी व्हॅन पहिल्या झटक्यात सुरू झाली. दिवे लागले, हॉर्न खणखणीत वाजला. लोक पांगले. जाताना कोणीतरी तिला ताई म्हणून हाक मारली.

आप्पा खुर्चीत बसायला गेले आणि लोंबत्या हातामुळे कलंडता कलंडता सावरले. दादाने सवयीने खिशात तारेचा तुकडा शोधला.

"राहू दे," ती म्हणाली. "तू इकडे ये. हाताला मलम लावू."

दादा रस्ता ओलांडून पहिल्यांदाच तिच्या दुकानात आला. पाटीखालून येताना त्याने मान खाली घातली. तिने त्याला बसायला आपलं स्टूल दिलं, पण देण्याआधी ते उचलून फिरवलं, भिंतीकडे तोंड करून. मग दुसरं स्टूल ओढून त्याच्या शेजारी तीही तशीच बसली आणि मलमाची डबी उघडली.

आप्पांचं तोंड नेहमीसारखं समोरच होतं. त्यांना आता दोघांच्या पाठी दिसत होत्या.