वेगळं मांडलेलं पान

सुगत रामटेकेनं चार वर्षं एका म्हाताऱ्याला मनातल्या मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून ठेवलं होतं. म्हातारा पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात, येलेमा नावाच्या वीस-पंचवीस झोपड्यांच्या गावात. न्यायाधीश हायडेलबर्गमध्ये, रोरबाख भागात, तिसऱ्या मजल्यावर, बायको आणि मुलीसह. आरोप एकच होता: वारेकनं आपल्याला पंक्तीबाहेर बसवलं. बचावाचा वकील नव्हता, त्यामुळे निकाल कधीच लागून गेला होता.

सुगत पवनीचा. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. अकोल्याला शेतकी पदवी झाली, मग पुढचं शिकायला पुण्यात आला. तिथं दोन वर्षं एका बाईंकडे जेवायला होता. पहिल्या आठवड्यात बाईंनी आडनाव विचारलं आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्याचं ताट वेगळं झालं. ताट, वाटी, पेला, तिन्हींना खाली लाल रंगाचा ठिपका. जेवण झालं की स्वतः विसळून न्हाणीतल्या फळीवर ठेवायचं. बाई बोलायला गोड होत्या, आमटी उत्तम करायच्या, आणि सुगतनं दोन वर्षं हाताची घडी तोंडावर बोट ठेवून ती आमटी गिळली. शिकायचं होतं, दुसरी खोली परवडत नव्हती, ही कारणं खरी होती. पण त्यानं तोंड उघडलं नाही, हेही तितकंच खरं.

पुढे शिष्यवृत्तीवर जर्मनीत आला, मातीचा अभ्यासक म्हणून भूगोलाच्या संस्थेत चिकटला. इथं त्याची जात कुणाला ठाऊक नव्हती. ती फक्त मराठी मंडळाच्या गणपतीत आठवायची, पुण्याचं एखादं सॉफ्टवेअरवालं कुटुंब हसत हसत विचारायचं तेव्हा, "रामटेके म्हणजे नागपूरकडचे का?" सुगतही हसत हसत जर्मनमध्ये "जा, गेनाऊ", हो, बरोबर, म्हणायचा आणि बटाटेवड्याकडे वळायचा.

दोन हजार चारमध्ये संस्थेनं त्याला येलेमाला पाठवलं. रताळ्यांचे वाफे ज्या मातीत शेकडो वर्षं पिकताहेत, त्या मातीचे नमुने आणायचे, मुक्काम तीन महिने. गावाला रस्ता नव्हता. डोंगराच्या उतारावर गवत कापून केलेली एक पट्टी होती, तिच्यावर ढगांची मर्जी असली तर पंधरा दिवसांनी एक चिमुकलं विमान उतरायचं. दवाखान्याला कुलूप होतं, त्याची किल्ली ज्या परिचारिकेकडे होती ती खाली शहरात गेलेली. माणसं रताळी खायची, सकाळी, दुपारी आणि रात्रीही. मीठ आलं की सण. रात्री थंडी इतकी की झोपडीत मधोमध जाळ आणि धुराला वाट नाही. पोरंटोरं, म्हातारी, सगळी खोकत झोपायची. बायका पाठीवर पन्नास किलोची झोळी कपाळाला पट्टा लावून चढावर न्यायच्या आणि वर पोचल्यावर हसायच्या. सुगतला ते गाव फार आवडलं. पवनीच्या त्याच्या वस्तीसारखंच गरीब आणि बोलकं.

फक्त जेवण आडवं आलं.

जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर रताळी आणि पाला भाजायचा, मग सगळं गाव खड्ड्याभोवती बसून हातानं उचलून खायचं. सुगतचा वाटा मात्र वारेक, ज्याच्या झोपडीत तो उतरला होता, केळीच्या पानावर वेगळा काढायचा आणि दोन हात लांब, कोपऱ्यात ठेवायचा. पाण्याचा भोपळाही वेगळा, गळ्याला दोरा बांधून खूण केलेला. पोरं जवळ आली की वारेक हाकलायचा. आणि जेवण झालं की ते पान, सालींसकट, हात न लावता बांबूच्या चिमट्यानं उचलून गावाबाहेर घेऊन जायचा.

हात न लावता, चिमट्यानं.

सुगतच्या मस्तकात तिडीक गेली. इथं आपली जात कोण ओळखणार, हे त्याच्या डोक्याला कळत होतं. पण पोटाला कळत नव्हतं, आणि पान त्याच्या पोटासमोर मांडलं जात होतं. गावातला शिक्षक मथायस चांगलं इंग्रजी बोलायचा. त्याला एका वाक्यात विचारता आलं असतं. सुगतनं विचारलं नाही. विचारायचं म्हणजे पवनी, पुणं, लाल ठिपका, सगळं आपल्याच तोंडानं उघडं करायचं. त्यापेक्षा गिळणं त्याच्या सवयीचं होतं.

दहाव्या आठवड्यात एका लग्नाची मेजवानी झाली. पलीकडच्या खोऱ्यातून शंभर पाहुणे आले, डुकरं कापली गेली. वारेकनं नेहमीप्रमाणे कोपऱ्यात पान मांडलं आणि इतक्या वर्षांचं गिळलेलं सुगतच्या घशाशी आलं. तो उठला, खड्ड्याशी जाऊन पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून बसला. डुकराचं मांस खाल्लं, हाडं इकडेतिकडे फेकली, ऊस चघळून चोथा थुंकला. वारेक धावत आला तेव्हा सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, "मी माणूस आहे. कुत्रा नाही." येलेमाच्या भाषेत त्याला दोनशे शब्द येत होते, त्यात हे बसलं.

वारेक गुडघ्यांवर बसला आणि पाहुण्यांच्या पायांमधून रांगत चोथा आणि हाडं गोळा करू लागला. साठीचा माणूस. सुगतला वाटलं, हा माझा विटाळ झाडतोय. दोन दिवसांनी विमान आलं, तेव्हा मुक्काम अर्धवट टाकून तो निघाला. वारेक पट्टीवर रताळ्यांची झोळी घेऊन उभा होता. सुगतनं ती घेतली नाही.

दोन हजार आठच्या मे महिन्यात मथायस कसल्याशा कार्यशाळेसाठी हायडेलबर्गला आला. यामिनीनं, सुगतच्या बायकोनं, त्याला जेवायला बोलावलं. सुगतनं आधी बरीच टंगळमंगळ केली. शेवटी रविवारी दुपारी मथायस कोट घालून आला आणि वरण-भात, कोंबडीचा रस्सा मजेत जेवला. जेवण झाल्यावर त्यानं आपल्या ताटातली हाडं निगुतीनं कागदी रुमालात बांधली आणि पुडी कोटाच्या खिशात घातली.

"अहो, राहू द्या, मी टाकते," यामिनी इंग्रजीत म्हणाली.

मथायस लाजला. "सवय आहे. आमच्याकडे परक्या ठिकाणी उष्टं मागं ठेवत नाहीत. वैऱ्याच्या हाती लागलं तर त्यावर करणी करतात, आणि माणूस खोकून खोकून मरतो. मी शिकलेला आहे, पण गावी आई काळजीत वाट बघतेय." मग सुगतकडे वळून म्हणाला, "तुम्हाला सांगायला नको. वारेक तुमचं रोज जाळायचा ना."

सुगतच्या हातातला पेला टेबलावर आला.

मथायसनं सांगितलं ते असं. माती पिशव्यांत भरून नेणारा परका माणूस पलीकडच्या खोऱ्याच्या डोळ्यांवर आला होता. मातीबरोबर पीकही नेणार, असं ते म्हणत. त्यांची माणसं येलेमात येऊन-जाऊन असायची. पाहुण्याचा जीव ही यजमानाची जबाबदारी. म्हणून पान वेगळं, भोपळा वेगळा, आणि उष्ट्याला दुसऱ्या हाताचा वास लागला तर जाळूनही उपयोग नाही, म्हणून चिमटा. "मेजवानीच्या दिवशी त्यानं सगळं वेचलं. एक हाडूक सापडलं नाही. ते परत मिळावं म्हणून त्यानं पलीकडच्यांना आपली सगळ्यात मोठी डुकरीण दिली."

वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणजे काय, हे सुगतला शाळेत शिकवलं होतं. ज्या बाईंनी खरोखर वेगळं ताट मांडलं त्यांची आमटी तो मुकाट्यानं जेवला, आणि ज्यानं त्याचा जीव सांभाळला त्याला चारचौघांत तोडून बोलला. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"वारेक कसा आहे?" त्यानं विचारलं.

"दोन पावसाळ्यांपूर्वी गेला. छातीत कफ भरला. दवाखान्याला कुलूप होतं."

मुलगी, प्राची, शेजारच्या खोलीतून "पापा, काय झालं?" असं जर्मनमध्ये विचारत आली. यामिनी तिला घेऊन आत गेली.

"त्याची बायको, तिन्गे, मला विचारेल," मथायस म्हणाला. "तुम्ही का रागावलात, काय सांगू?"

मग सुगतनं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. पुणं, ठिपका, न्हाणीतली फळी. मथायस शेवटपर्यंत ऐकत राहिला. एवढंच म्हणाला, "त्या बाईंना तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

मथायसनं मान हलवली. "तिन्गेला सांगतो, तुम्ही आजारी होतात. आजारी माणसावर आमच्याकडे कुणी राग धरत नाही."

"नको. मी आजारी नव्हतो. मी त्याला दुसराच कुणी समजलो. चूक माझी होती, त्याची नव्हती. असंच सांगा."

"सांगेन. पण ती आता विचारेल हो. जिवंत होता तोवर विचारायचा वारेक. दर विमानाला पट्टीवर येऊन बसायचा. माझ्याकडून काय चुकलं, ते त्यानं लिहिलंय का, म्हणायचा. मी सांगायचो, येईल पत्र. दोन ओळी पुरल्या असत्या."

त्या चार वर्षांत येलेमाच्या मातीवर सुगतनं तीन शोधनिबंध छापले होते. तिन्हींच्या शेवटी आभार मानले होते, संस्थेचे, सहकाऱ्यांचे आणि विमान चालवणाऱ्याचेही.