अण्णांचं नाक आणि केंटकीचं पिंप

शिवाजीनगर स्थानकावर नाशिकच्या एसटीत बसलो तेव्हा वसंताच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली. तान्ह्या पोरालाही कुणी इतकं जपून धरत नाही. दोन हजार तीनच्या डिसेंबरातली गोष्ट. अमेरिकेहून पंधरा दिवसांसाठी येणारी माणसं चॉकलेटं आणतात, साबण आणतात, स्वतःला नको झालेल्या टोप्या आणतात. वसंताने बर्बन आणली होती. "म्हणजे मक्याची व्हिस्कीच ना?" एवढंच मी विचारलं, आणि तिथून राजगुरुनगर येईपर्यंत माझं अज्ञान दूर करण्याचं काम चालू राहिलं.

निम्म्याहून जास्त मका हवा. पिंप ओकच्या लाकडाचं हवं, कोरं हवं आणि आतून जाळलेलं हवं. पिंपात घालताना दारू पाण्यासारखी असते, रंग सगळा त्या जळक्या लाकडाचा. घोट घेतला की लगेच गिळायचा नाही, तोंडात धरायचा. आधी व्हॅनिला येतो, मग कॅरॅमल, मग म्हणे चामडं. चामडं! वसतिगृहात तीन वर्षं आम्ही एका खोलीत काढली. कोमट रम स्टीलच्या पेल्यातून नाक दाबून पिणारा हा माणूस. सात वर्षं केंटकीत काय राहिला, याला दारूत चपला लागायला लागल्या. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि त्या दिवशी मला सुट्टी असूनही भरपूर काम मिळालं.

राजगुरुनगर गेलं तसं व्याख्यान संपलं, आणि मंचरच्या अलीकडे तो म्हणाला, "या वेळी अण्णांना खरं सांगायचंय."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. गाव महाळुंगे पडवळ, आंबेगाव तालुक्यातलं. अण्णा पंचक्रोशीतले नावाजलेले गुळवे (उसाच्या रसाचा गूळ नेमका कधी झाला ते ठरवणारे कारागीर). त्यांचा धाकटा भाऊ हातभट्टीची पिऊन ऐन तिशीत गेला. हातभट्टीला काळा, करपलेला गूळ लागतो. ज्या गुळाची ती दारू, तो आपल्याच हातून करपलेला होता असं अण्णांच्या मनाने घेतलं, आणि ते कधी गेलं नाही. त्यानंतर त्यांच्या नाकाखाली एकही काहील (रस आटवण्याची मोठी उथळ कढई) करपली नाही आणि त्यांच्या घरात दारू हा शब्दही कुणी काढला नाही. त्या घरातला हा इंजिनिअर मुलगा अमेरिकेत दारूची पिंपं बनवणाऱ्या कारखान्यात लागला आणि त्याने घरी कळवलं, 'लाकडाचा कारखाना आहे.' खोटं म्हणता येणार नाही असं हे खोटं. गावाने त्याचा अर्थ टेबलं-खुर्च्या असा घेतला. एका चुलत्याने तर येताना दिवाण आण म्हणून निरोप धाडला होता.

"मग पत्र लिहायचंस. बाटली कशाला?"

"पत्राला वास नसतो. अण्णांनी प्यायची नाहीये, एकदा नुसता वास घ्यावा. आपला मुलगा काय करतो ते त्यांना त्याशिवाय नाही कळायचं."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर कुठल्या तोंडाने परत येऊ मी इथं?"

आम्ही दोघंही विचारात इतके बुडालो की कळंबला उतरायचं होतं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, आणि कंडक्टरने आळेफाट्याला खाली उतरवलं.

आळेफाट्याला माणूस मुक्कामाला म्हणून येत नाही, चुकून येतो किंवा टायर फुटला म्हणून येतो. एका बाजूला गॅरेजं, एका बाजूला हॉटेलं, मधे धूर आणि ट्रक. आम्ही एका हॉटेलात शिरलो. मिसळ अशी होती की नुसती तर्री बघून घाम फुटावा. दुपारची गर्दी ओसरलेली. वसंताला तिथे अवदसा आठवली. अण्णांच्या आधी कुणावर तरी प्रयोग करून बघू म्हणाला. त्याने गल्ल्यामागे जाऊन मालकाला पेलाभर ओतून दिली आणि हात बांधून उभा राहिला.

मालकाने वास घेतला. "पावणं, खोकल्याची हाय का?"

"बर्बन आहे. तोंडात धरा जरा."

मालकाने तोंडात धरली, तोंड वाकडं केलं, आणि पेल्यात लिंबू पिळून वर सोडा आणि चिमूटभर जिरेपूड घातली. "आत्ता कुठं लागतीय जरा," तो म्हणाला. शेजारी बसलेल्या ट्रक ड्रायव्हरने पेल्यात उरलेली एका घोटात संपवली आणि कळवळून विचारलं, "तिकडं देशी मिळत न्हाई का वो?" वसंताचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सकाळपासूनच्या व्याख्यानाचा सूड मालकाने परस्पर उगवला म्हणून मी त्याच्याकडे आणखी एक पाव मागितला. मालकाने बाटलीला बूच बसवून वर तळहाताची एक थाप मारली आणि बाटली परत दिली.

तिथून सरळ गावी जायचं, तर याला ओझरच्या विघ्नहराची आठवण झाली. सात वर्षांत देवाचं नाव काढल्याचं मला तरी माहीत नाही. पण माणसाची पाचावर धारण बसली की अष्टविनायकातला जवळचा गणपती बरोबर आठवतो. जीपने नारायणगाव, मग ओझर. बाटली घेऊन देवळात जाणं बरं नव्हे, म्हणून मी बाहेर चपलांपाशी पिशवी धरून उभा राहिलो.

फुलवाल्या बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमी बी जा की आत. ठिवा पिशवी हितं."

"नको, राहू दे."

"बाटली दिसतीय. तेल हाय का? समईला चालंल."

समईला फारच चालली असती. मी नकाराची मान हलवली आणि दुर्वांची एक जुडी विकत घेतली. वसंता पाऊण तासाने बाहेर आला. विघ्न काय आहे ते विघ्नहर्त्याला नीट समजावून सांगायला तेवढा वेळ लागत असावा. माझ्यावर त्याने एवढी मेहनत घेतलीच होती, देवाला का सोडेल?

परतीच्या जीपमध्ये मागे आम्ही अकरा जण होतो, शिवाय कांद्याच्या रोपांची एक पाटी. पिशवी कधी माझ्या गुडघ्यात, कधी कुणाच्या कोपराखाली. महाळुंग्याला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घरी वसंताची आई म्हणाली, अण्णा गुऱ्हाळावर हायेत. तसेच तिकडे गेलो.

गुऱ्हाळ लांबून वासानेच सापडतं. उघड्यावर पाचटाचं छप्पर, शेजारी चरकाची धडधड, चिपाडांचा ढीग, आणि चुलवणावर काहील. तिच्यात रस रटरटत होता. पलीकडे डब्यावर बसलेला सत्तरीचा एक काटकुळा माणूस त्या रसाकडे नुसता बघत होता. अमेरिकेहून दोन वर्षांनी आलेल्या मुलाला अण्णा "आलास का?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा काहिलीकडे वळले. मला म्हणाले, "बसा पावणं. रस घ्या."

वसंताने पिशवी चुलवणाच्या कडेला ठेवली आणि हात चोळत बसला. आता सांगतो, मग सांगतो असं त्याचं चाललं होतं. मी ताज्या रसाचे दोन पेले प्यायलो, तिसरा घ्यावा का या विचारात होतो, तेवढ्यात अण्णा ताडकन उठले.

"जाळ वढा! करपतंय!"

चुलवाण्या (चुलवणात जाळ घालणारा) गोंधळला. "अण्णा, पाक अजून कच्चा हाय."

"वढ म्हन्तो ना!"

अण्णांच्या शब्दापुढे तिथे कुणाचं चालत नाही. जाळ ओढला. आठ जणांनी काहील उचलली आणि पाक वाफ्यात (गूळ थंड करायच्या हौदात) ओतला. एकाने घोटायला घेतला. घोटतोय, घोटतोय, गूळ काही बसेना. तासाभराने त्या वाफ्यात नुसता पिवळा चिखल होता. पाक कुठेही करपलेला नव्हता. वेळेआधी उतरवलेला होता.

ज्याचा ऊस होता तो शेतकरी पागोट्याने तोंड पुसत उभा राहिला. चुलवाण्या दुसऱ्याला म्हणाला, "वय झालं आता अण्णांचं." हळूच म्हणाला, तरी अण्णांनी ऐकलं. त्यांनी बोटभर पाक उचलून हुंगला, पुन्हा हुंगला.

"वास आला व्हता मला," ते म्हणाले. मग ते त्या शेतकऱ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासनं दुसरा माणूस बघ. माझं नाक गेलं."

चाळीस वर्षांचं काम त्या माणसाने दोन वाक्यांत संपवलं. मी मान खाली घातली, आणि मला पिशवी दिसली. तळाशी ओली झाली होती. हॉटेलवाल्याच्या थापेने तिरकं बसलेलं बूच जीपमध्ये सैल झालं होतं, आणि चुलवणाच्या तापलेल्या मातीवर केंटकीची ती थोर बर्बन थेंब थेंब पाझरून उडून जात होती. मी वसंताकडे बघितलं. त्यानेही बघितलं होतं. गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. खरं सांगतो, मला वाटलं हा गप्पच बसणार. सात वर्षं त्याने तेच केलं होतं.

तो उठला. "अण्णा, तुमचं नाक चुकलं नाय. वास माझ्या पिशवीतला हाय."

इंजिनिअरची भाषा कुठे गेली कोण जाणे, पोरगा गावचं बोलायला लागला. त्याने टॉवेल सोडून बाटली वडिलांच्या हातात दिली. सगळे भोवती जमले. अण्णांनी बाटलीवरची अक्षरं बघितलीच नाहीत. तळहातावर थोडी ओतली, दोन्ही हात एकमेकांवर घासले आणि ओंजळीत नाक घातलं.

"मका हाय."

"व्हय."

"जळकं लाकूड. बाभळ नव्हं. कुठलं तरी गोड झाड हाय."

"व्हय, अण्णा."

"आन् काकवी. करपाया लागली, आन् तेवढ्यात कुनीतरी जाळ वढला." त्यांनी मान वर केली. "कुनी वढला?"

"मी."

मग त्याने सांगितलं. पिंपं बनवतो, आतून पेटवतो. पाऊण मिनिटाचा जाळ असतो. समोर घड्याळ लावलेलं आहे. "पण मी घड्याळाकडं बघत नाय. वास आला की थांबवतो."

"दारूची पिंपं?"

"दारूची."

अण्णा पाण्याच्या हौदापाशी गेले. चुलवणातली राख घेऊन त्यांनी हात धुतले, एकदा, दोनदा, तीनदा. पंचाला पुसले. मुलासमोर येऊन उभे राहिले.

"येळ बरुबर धरलीस," ते म्हणाले. "काम बरुबर न्हाई." आणि चुलवाण्याकडे वळून ओरडले, "बघत काय ऱ्हायलाय? दुसरी काहील चढवा!"

बाटली माझ्या हातात आली होती. बाहेरून चिकट होती, बोटं भरली. पुसायला काही नव्हतं म्हणून मी बोट चाटलं. काकवी. करपता करपता वाचलेली काकवी, मागे धूर, आणि घशात उतरणारी ऊब. पुण्यापासून एक माणूस कानीकपाळी ओरडत होता तेव्हा मला त्यात काही लागत नव्हतं, आणि दारूला कधी तोंड न लावलेल्या म्हाताऱ्याने हात चोळून सांगितलं तेव्हा सगळं लागलं. मी दुसरं बोट चाटलं. मग तिसरं. समोर एका घराचं काय ते होत होतं आणि मी बोटं चाटत उभा होतो, याची मला आजही लाज वाटते. माणूस प्रेमात पडतो तेव्हा तो असाच निर्लज्ज दिसत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. जेवताना अण्णा मुलाशी बोलले नव्हते, निघतानाही गुऱ्हाळावरच होते. वसंताच्या आईने पिशवीत गुळाची ढेप दिली आणि माझ्या छापखान्याचा नंबर लिहून घेतला. पुणे येईपर्यंत वसंताने चामड्याचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं असं पहिल्यांदाच वाटलं. बाटली त्याने माझ्याकडे टाकली आणि चार दिवस आधीच विमान धरलं. "आता येणं व्हायचं नाही," म्हणाला.

बाटली मी पुरवून पुरवून प्यायलो. घरी येईल त्याला चमचाभर देतो आणि म्हणतो, तोंडात धरा, काकवी लागते का बघा. समोरचा माझ्याकडे, मी वसंताकडे बघत होतो तसा बघतो. उपदेश करणाऱ्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे, आणि आता मी त्यांच्यातलाच एक झालोय.

फेब्रुवारीत छापखान्यातला फोन वाजला. पलीकडून आधी चरकाची धडधड ऐकू आली.

"पावणं, वसंताचा फोन येतो का तुमाला?"

"येतो, अण्णा. तुमच्याशी बोलायला सांगू का?"

"नगं, नगं." मधेच ते कुणावर तरी जाळासाठी ओरडले. "त्याला एवढंच इचारा, पिंपं जाळताना तोंडाला फडकं बांधतो का. धूर लई असंल तितं. नाक गेलं म्हंजी येळ कशी धरनार त्यो?"