ऐकू न येणारी गिटार

फोन आला तेव्हा मी रत्नागिरीत बहिणीच्या स्वयंपाकघरात नारळ खवत बसले होते. भाचीचं केळवण होतं. मुलाचा आवाज इतका शांत होता की मला वाटलं, घरातली कुठली तरी वस्तू सापडत नसेल म्हणून विचारतोय. तो म्हणाला, "आई, बाबा गेले." मी म्हटलं, "कुठे गेले?"... कारण त्याच दिवशी सकाळी त्यांनी मला चिपळूणच्या स्टँडवर एसटीत बसवून दिलं होतं, खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली होती, आणि "परत येताना शेवटच्या गाडीची वाट बघू नकोस" असं दोनदा बजावलं होतं. दुपारी जेवून आरामखुर्चीत बसले ते बसलेच. कुणाला हाक नाही, कसली धावपळ नाही. त्याला आता दीड महिना होईल. माणसं येऊन गेली, दिवस झाले, आणि आता घरात मी आणि त्यांचं सामान असे दोघेच उरलो आहोत.

इथल्या एका पेपरात 'ज्येष्ठ गिटारवादक' असं छापून आलं. ते वाचलं असतं तर ह्यांना हसू आलं असतं. ह्यांचं नाव विश्वनाथ, पण मी त्या नावाने कधी हाक मारली नाही, आमचं सगळं 'अहो'वर भागलं. तर हे बेस गिटार वाजवायचे. ज्यांना फरक ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण लग्न झालं तेव्हा मलाही तो ठाऊक नव्हता. साधी गिटार म्हणजे सहा तारा, पुढे उभा राहून केस उडवणारा वादक आणि लोकांच्या शिट्ट्या. बेस गिटार म्हणजे चार जाड तारा, मागे ड्रमच्या आडोशाला उभा असलेला माणूस, आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नाही. गाण्याच्या तळाशी जो खर्ज घुमत असतो, तो ह्याचा. गाणं उभं राहतं ते त्याच्यावर, असं हे म्हणायचे. असेल बापडं. मला बरीच वर्षं ते नुसतं मानून घ्यावं लागलं.

ऐंशीच्या सुमाराचे ते दिवस. हे पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये पाळीने नोकरी करायचे आणि आम्ही अलोऱ्याच्या कॉलनीत दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. कॉलनीतल्याच लोकांनी मिळून ऑर्केस्ट्रा काढला होता. स्टोअरमधले सावंत अकॉर्डियन वाजवायचे, ड्राफ्ट्समन ड्रमवर, आणि गायला दवाखान्यातल्या एक सिस्टर. गणपती, नवरात्र, गावोगावच्या जत्रा, लग्नं... डिसेंबर ते मे तर रविवार घरी दिसायचा नाही. लग्न होऊन मी त्या क्वार्टरमध्ये पाऊल टाकलं आणि पहिली नजर पडली ती कोपऱ्यातल्या एका अजस्र खोक्यावर. फणसाच्या फळ्यांचा, पुढे काळं कापड ताणलेला, कमरेपेक्षा उंच. मला वाटलं, धान्याची कोठी आहे. कौतुकाने म्हटलं, "बरी मोठी आहे हो." ह्यांनी गंभीरपणे सांगितलं, "हा स्पीकरचा बॉक्स. ह्याच्यावर पाण्याचा तांब्या ठेवायचा नाही." एवढंच आमचं पहिलं बोलणं. सवत घरात माझ्याआधी येऊन बसली होती आणि जागाही माझ्यापेक्षा जास्त अडवून होती.

तो बॉक्स चिपळूणच्या एका सुताराकडून आणि त्यातला ॲम्प्लिफायर एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून करवून घेतलेला. खर्ज घुमून फाटू नये म्हणून आत कापसाऐवजी काथ्या भरला होता, आणि त्यामुळे कोकणातल्या तमाम उंदरांची सोय झाली होती. ह्यांचा पावसाळा तर निम्मा त्या सामानाच्या सेवेत जायचा. गिटारच्या चामडी पट्ट्याला बुरशी यायची ती पुसायची, ॲम्प्लिफायरमध्ये दमटपणा शिरू नये म्हणून त्याच्या मागे बल्ब लावून ठेवायचा. माझे ब्लाउज वाळत नव्हते, त्यांना नाही बल्ब लावला कुणी! आणि तारा. त्या गिटारच्या तारा इकडे कुठे मिळायच्या नाहीत, मुंबईहून कुणी आणील तेव्हा. मग जुन्या झालेल्या तारा काढायच्या, वेटोळं करायचं आणि उकळत्या पाण्यात टाकायच्या. हाताच्या घामाने, मळाने बसलेला आवाज त्याने पुन्हा खुलतो म्हणे. एकदा मी देवळातून आले तर माझ्या डाळीच्या पातेल्यात तारा रटरटत होत्या आणि हे डावाने ढवळत उभे. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "आणखी पाच मिनिटं, मंदा. शिजत आल्या." त्यानंतर मी एक पातेलं त्यांच्या नावाने वेगळं काढून दिलं. भांडून उपयोग नव्हता. ते भांडायचेच नाहीत, नुसते हसायचे.

पण मनातली खरी अडचण वेगळी होती, आणि ती मी त्यांना सांगितलीही होती. मला ते ऐकू यायचे नाहीत. सिस्टर ऐकू यायच्या, सावंतांचा अकॉर्डियन यायचा, ड्रम तर छातीत यायचा. पण ह्यांची बोटं हलताना दिसत आणि त्यांचं म्हणून वेगळं काही कानाला लागत नसे. एका गावाला जनरेटरवर कार्यक्रम होता. मी बायकांमध्ये बसून बघत होते, तर मांडवातल्या माळेचे दिवे सारखे मिचकावत होते. मग माझ्या ध्यानात आलं, हे जाड तार ओढतात तेव्हाच दिवे मंद होतात. जनरेटर बिचारा दमत होता. मी शेजारणीला कोपराने ढोसून सांगितलं, "ते बघा, ते आमचे हे वाजवतायत." माझ्या नवऱ्याचं वाजवणं मला आधी दिसलं. ऐकू यायला पुढे वर्षं लागली. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं नाही. म्हणाले, "ऐकू नाही आलं तरी चालेल, पण बंद पडलं तर कळेल तुम्हा सगळ्यांना."

वाईट वाटायचं ते एकाच माणसाबद्दल. त्यांच्या वडिलांबद्दल. आमचे सासरे, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, आंजर्ल्याच्या बाजूचे. जन्मभर बोटीवर इंजिनरूममध्ये नोकरी केलेले. त्या गडगडाटात कान पार गेलेले, अगदी जवळ जाऊन ओरडलं तर थोडंफार कळायचं. मुलानेही बोटीवर जावं असं त्यांच्या मनात होतं. मुलगा गेला नाही, आणि वर गिटार घेतली. त्या गिटारला तात्या 'खेळणं' म्हणायचे. बापलेकांत भांडण असं नव्हतं, पण बोलणं जेवण, औषध आणि गावच्या आंब्यांच्या पलीकडे जात नसे. सासूबाई गेल्यावर तात्या आमच्याकडे अलोऱ्याला राहायला आले, आणि तेव्हापासून ह्यांना एकच ध्यास लागला. ते मला म्हणाले होते, "बाबांनी एकदा मला ऐकायला पाहिजे. आवडलं नाही तरी चालेल. पण न ऐकता खेळणं म्हणू नये." इतकं स्पष्ट ते एरवी कधी बोलत नसत.

म्हणून गणपतीत कॉलनीच्या मैदानावर कार्यक्रम झाला तेव्हा ह्यांनी तात्यांची खुर्ची सर्वांत पुढे ठेवली. तात्या धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, शेवटपर्यंत बसले. घरी आल्यावर पायरीवर बसून म्हणाले, "काय रे विशा, बाकीची मानसं वाजवीत व्हती ती दिसली. तू मागं उभा ऱ्हाऊन काय करीत व्हतास?" हे म्हणाले, "वाजवतच होतो, बाबा." पण ते काही तात्यांपर्यंत पोचलं नाही. मग कुणीतरी त्या कार्यक्रमाची कॅसेट केली होती ती हे घेऊन आले. आमच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर लावली, आवाज पूर्ण वाढवला, टेप तात्यांच्या कानाशी धरला. तात्यांनी बराच वेळ कान लावला आणि विचारलं, "गलका येतोय ऐकाया. ह्यात तू कुटं हायस?" आणि खरं सांगायचं तर हे त्यात नव्हतेच. तेवढ्याशा स्पीकरला खर्ज पेलवत नाही, तो गाळूनच बाहेर येतो. सगळा ऑर्केस्ट्रा त्या टेपमध्ये होता आणि नेमका माझा नवरा नव्हता. त्या दिवशी ह्यांनी कॅसेट बाहेर काढली, डबीत घातली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्या आठवड्यात सरावही केला नाही. मला तात्यांचा राग आला, आणि त्यांच्या कानांवर कसला राग धरायचा म्हणून स्वतःचाच आला.

ह्यांच्या तेराव्याला सावंत आले होते. आता काठी टेकत चालतात. म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं बरोबर वाजवलं, पण विशू कधी चुकला नाही हो. एकदा नाही." मी मान डोलावली. त्यांना कशाला सांगू? पण तुम्हाला सांगते.

तात्यांच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. क्वार्टरला रंगकाम निघालं, तेव्हा पुढच्या खोलीतलं सामान मागच्या खोलीत ढकललं. बॉक्सला जागा उरली ती फक्त तात्यांच्या खाटेच्या उशाशी, लाकडाला लाकूड टेकून. हे पहिली पाळी करून दुपारी आले की चहा होईपर्यंत थोडा सराव करायचे, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज लहान ठेवून. तात्या पडलेले असायचे. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी गिटार खाली ठेवली तर म्हणाले, "बंद का केलास?" ह्यांना वाटलं, पंख्याचं म्हणतायत. ह्यांनी उठून पंखा मोठा केला. असे काही दिवस गेले. मग एका दुपारी मी चहाचं आधण ठेवत होते, खोलीत सराव चालला होता, आणि तात्यांचा आवाज आला, बहिऱ्या माणसाचा असतो तसा भला मोठा.

"विशा, त्या लांबड्या गान्यात मधीच एक ठोका खातोस तू. काल खाल्लास. आज पन थितंच."

हे गिटार धरून तसेच उभे राहिले. मीच दारातून ओरडून विचारलं, "तात्या, तुम्हाला ऐकू येतं?"

"ऐकतंय कोन? कळतंय." तात्यांनी खाटेच्या फळीवर पंजा आपटला. "जलमभर इंजनाच्या डोक्यावर झोपलोय मी. चाल चुकली की झोपंतसुदा उठून खाली जायचो. बाकी बरा वाजीवतोस, पन थितं चुकतोस."

हे स्वयंपाकघरात आले ते गिटार गळ्यात तशीच ठेवून. मला वाटलं, मनाला लागलं. तर म्हणाले, "मंदा, मी चुकतो," आणि हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "अगं, कितीतरी वर्षं तिथे चुकतोय मी. सावंताला कळलं नाही, सिस्टरना नाही, हजार माणसं बसतात समोर, एकालासुद्धा कधी कळलं नाही..." मला क्षणभर हेवा वाटला त्या म्हाताऱ्याचा. इतकी वर्षं मी शेजारी बसून ऐकत होते, मला एकही चूक सापडली नव्हती. मी गॅस बंद केला. तेवढ्यात खोलीतून पुन्हा हाक आली, "विशा, कुटं गेलास? परत वाजीव. पयल्यापास्नं!"

ह्यांनी माझ्या पदराला डोळे पुसले, चहा तसाच सोडला आणि खोलीत जाऊन पहिल्यापासून वाजवायला सुरुवात केली.